टाकलेल्या वस्तूचे मोल

अहमदपूर हे गाव बालाघाटच्या पठारावर वसलेले असून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. आमच्या वर्गात दरसाल जे तरुण येतात त्यांच्यांपैकी पुष्कळांनी समुद्र केवळ चित्रपटात पाहिलेला असतो. अशा ठिकाणी बसून सागरातील प्लॅस्टिकचा इतिहास लिहावयास घेणे हा कित्येकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु वाचकांनी एकदा नकाशा उघडून येथल्या पाण्याच्या मार्गावर बोट फिरवून पाहावे. तालुक्यातून वाहणारी मन्याड नदी नांदेड जिल्ह्यात लोहा-कंधारच्या अंगाने उतरत जाऊन मांजरेस मिळते. मांजरा कंदकुर्तीच्या संगमावर गोदावरीत विलीन होते. आणि गोदावरी तेलंगण व आंध्र ओलांडून राजमहेंद्रीच्या खाली अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास मिळते. जिचा उगम अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर आहे ती ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेस चालत जाते, हे आपण शाळेतील भूगोलात पाठ केलेले असते. तिच्याबरोबर पाण्याखेरीज आणखी काय जाते, हा प्रश्न मात्र त्या भूगोलात नव्हता. आणि त्या काळी तो असण्याचे कारणही नव्हते.

समुद्राच्या या नव्या व्याधीचा आरंभ केव्हा झाला हे ठरविण्यास इतिहासाच्या अभ्यासकास एक अनपेक्षित दप्तर उपलब्ध आहे. ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने रचलेले एक यंत्र १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढीत नेण्याचा प्रघात पडला. यंत्राच्या पोटात रेशमी जाळीची पट्टी हळूहळू सरकत असते आणि पाण्यातील सूक्ष्म जीव तीवर अडकून राहतात. जहाज किनाऱ्यास लागले म्हणजे ती पट्टी उलगडून, कोणत्या टापूत कोणते जीव आढळले याची नोंद करावयाची. मार्गात यंत्रात काही गुंतून ते अडले, तर तेही कारकुनी इमानाने टिपून ठेवावयाचे. या जुन्या टिपणवह्या चाळून काही संशोधकांनी २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसते की, १९५७ मध्ये आइसलंडच्या बाजूस मासेमारीच्या जाळ्याचा कृत्रिम दोर यंत्रात गुंतला होता आणि १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येस एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली होती. हा पुरावा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो, कारण तो लिहिणाऱ्यांस आपण कशाची बखर लिहीत आहो याची कल्पनाच नव्हती. ज्यास बखर लिहावयाची असते तो नायक आणि खलनायक दोन्ही घरूनच घेऊन निघतो. येथे तसे काही नाही.

त्याच १९६५ साली स्टेन गुस्टाफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याच्या रचनेस अमेरिकेत पेटंट मिळाले. दोन कानांची, एका तुकड्यात कापून चिकटविलेली, आज आपण जिला कॅरीबॅग म्हणतो तीच ही पिशवी. आयर्लंडजवळ सापडलेली पिशवी या कुळातील असण्याचा संभव नाही, म्हणून केवळ सालाच्या जुळणीवरून कोणी नाट्य रचू नये. तथापि पिशवी बाजारात नीट रुळण्यापूर्वीच समुद्रात पोहोचली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

प्लॅस्टिकचा जन्म या पापासाठी झालेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिलियर्डच्या चेंडूंसाठी लागणारे हस्तिदंत महाग झाले, तेव्हा त्याला पर्याय शोधताना जॉन वेस्ली हायट या अमेरिकन कारागिराने १८६९-७० च्या सुमारास सेल्युलॉइड सिद्ध केले. हत्तीचे दात आणि कासवाची पाठ यांवरचा भार या द्रव्याने हलका होईल, असा त्याचा त्या काळी गौरव होत असे. त्याच्याच वंशातील द्रव्ये आज कासवांच्या पोटात सापडतात. १९०७ मध्ये बेकलंडने बेकेलाइट शोधून काढले. ते विजेच्या दिव्यांची बटणे आणि टेलिफोन यांसाठी. १९३३ मध्ये इंग्लंडातील एका प्रयोगशाळेत, मनात दुसरेच काही असताना, पॉलिथिनचा मेणासारखा पांढरा थर हाती लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांना वेष्टन म्हणून ते फार उपयोगी पडले. म्हणजे तोवर प्लॅस्टिक हे टिकविण्याचे द्रव्य होते. ते टाकण्याचे द्रव्य झाले ते युद्धानंतर. १९५५ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात एक छायाचित्र आले. एक कुटुंब हसतमुखाने ताटे, पेले, वाट्या हवेत उधळीत आहे, आणि मजकुराचा भावार्थ असा की, आता भांडी घासण्याच्या जाचातून गृहिणी मुक्त झाली. चारशे वर्षे टिकणारी वस्तू की हजार, यावर रसायनशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. परंतु ती चार मिनिटे वापरून टाकावयाची, यावर मात्र बाजाराचे एकमत त्याच काळात झाले.

आपल्याकडे हे परिवर्तन उशिरा आले; आणि उशिरा आले म्हणूनच ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे अद्याप आपल्या घरांत आहेत. वाण्याकडील साखर कागदाच्या पुडीत, वर दोरा गुंडाळून येत असे. गोडेतेलासाठी घरून बरणी न्यावी लागे. लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळीवर उठत, आणि उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर गेल्या म्हणजे पावसाळा संपेतो त्यांचे खत होत असे. गोटीच्या सोड्याची बाटली तेथल्या तेथे पिऊन परत द्यावयाची. मुंबईत आरे वसाहतीचे दूध काचेच्या बाटल्यांतून येई, आणि रिकामी धुतलेली बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. या सर्व वस्तूंचे दोन वर्ग पडतात. एक, टाकल्यावर कुजणाऱ्या; दुसरा, वापरून झाल्यावरही ज्यांस किंमत उरते अशा. कुजावयाचे नाही आणि किंमतही नाही, असा तिसरा वर्ग त्या बाजारात जवळजवळ नव्हताच. आमच्या मते प्लॅस्टिकच्या इतिहासातील खरी क्रांती ती हीच: त्याने हा तिसरा वर्ग निर्माण केला.

येथे मराठवाड्याच्या वतीने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या प्रांतात प्लॅस्टिकला सरसकट शिव्या देणे कृतघ्नपणाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात ज्या बायांनी पितळेच्या नाही तर मातीच्या घागरी डोक्यावर घेऊन कोसभर पाणी वाहिले, त्यांच्या लेकीसुनांच्या डोक्यावर पुढे प्लॅस्टिकची घागर आली, आणि भांड्याचे वजन तेवढे उतरले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा गल्लोगल्ली ज्या रांगा लागल्या त्या याच निळ्या-पिवळ्या घागरींच्या. ठिबकाच्या नळ्या, शेततळ्यातील अस्तर, पाइप यांवाचून येथील कोरडवाहू शेतकऱ्याने काय केले असते, हे शहरात बसून सांगणे कठीण. पण घागर कोणी समुद्रात टाकीत नाही. ती फुटली तर भंगारवाला तिच्या बदल्यात लसूण देतो, नाही तर चार पैसे देतो. घागरीस मरणोत्तर किंमत आहे.

पुडीस ती नाही. तमिळनाडूत कडलूर येथे शांपूची लहान पुडी प्रथम लोकप्रिय झाली आणि १९८० नंतरच्या दशकात ती देशभर पसरली. ज्यास बाटली परवडत नाही त्यास रुपयात शांपू मिळावा, ही त्यामागील कल्पना. तीस लोकशाहीची कल्पना म्हणावयास हरकत नाही. मागोमाग गुटख्याची पुडी आली, आणि खेड्यातील पानपट्टीचे रूपच पालटले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून गुटख्याच्या प्लॅस्टिक पुडीस बंदी झाली, व पुढील वर्षी महाराष्ट्राने गुटखाच बंद केला. पण तोवर चिप्स, बिस्किटे, मसाला, चहापूड, सर्वांनी पुडीचे वस्त्र परिधान केलेले होते. हे वस्त्र एका थराचे नसते. प्लॅस्टिकचे दोन-तीन निरनिराळे थर आणि मधे धातूचा मुलामा, असे ते एकमेकांस चिकटविलेले असते. म्हणून आतील माल कुरकुरीत राहतो, आणि म्हणूनच ते थर पुन्हा वेगळे करून वितळविणे परवडत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, व पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. संघटनेच्या नावात ज्या वस्तू आहेत त्यांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कागद, काच, पत्रा: या विकतात, म्हणून वेचल्या जातात. पाण्याची रिकामी बाटलीही विकते, म्हणून बसस्थानकावर ती पडून फार वेळ राहत नाही. पुडी मात्र जेथे पडते तेथेच राहते, आणि तेथून तिला हलविणारा एकच हमाल आहे. तो म्हणजे पाऊस.

हे सूत्र हाती धरून कायद्यांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे त्यातील यशापयशाचा उलगडा होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी शहरात शिरली, आणि तुंबलेल्या नाल्यांतील पिशव्यांवर सर्वांचे बोट गेले. वस्तुतः नदीचे पात्र आवळले गेले होते आणि तिच्या काठी अतिक्रमणे झाली होती. पिशवी ही त्या अपराधातील साथीदार, मुख्य आरोपी नव्हे. पण मुख्य आरोपीस हात लावण्यापेक्षा साथीदारास पकडणे सोपे असते. महाराष्ट्राने पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्या बंद केल्या. देशाचा नियम १९९९ मध्ये वीस मायक्रॉनांचा होता. तो २०११ मध्ये चाळीस, २०१६ मध्ये पन्नास, सप्टेंबर २०२१ अखेर पंचाहत्तर आणि डिसेंबर २०२२ अखेर एकशेवीस झाला. जाडी वाढविल्याने प्लॅस्टिक कमी कसे होणार, असा विनोद पुष्कळांनी केला. त्यामागील तर्क मात्र चुकीचा नव्हता: पिशवी जाड झाली म्हणजे ती फुकट देणे दुकानदारास परवडत नाही, आणि वेचणाऱ्यास ती उचलणे परवडते. तर्क चांगला, परंतु बाजारात मायक्रॉन मोजणार कोण? भाजीवालीच्या गाड्यापाशी मापकयंत्र घेऊन उभा राहणारा निरीक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही.

२३ मार्च २०१८ ची महाराष्ट्र सरकारची अधिसूचना याहून पुष्कळ धाडसाची होती. पिशव्या, थर्मोकोलची ताटे, चमचे, पेले यांवर तिने बंदी घातली, आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड ठेवला. वर्तमानपत्रांनी दंडाचीच चर्चा केली. आम्हांस मात्र त्या अधिसूचनेतील एक दुर्लक्षित कलम अधिक महत्त्वाचे वाटते. दुधाच्या पिशवीवर निदान पन्नास पैसे आणि पाण्याच्या बाटलीवर एक किंवा दोन रुपये अशी परतीची किंमत छापावी, व रिकामी वस्तू परत करणाऱ्यास ती मिळावी, असे तीत म्हटले होते. हे दुसरे काही नसून आरेच्या बाटलीचेच तत्त्व होय. जर्मनीने २००३ मध्ये बाटल्यांवर पंचवीस सेंटांची अनामत बसविली, आणि तेथे त्या बाटल्या आता क्वचितच रस्त्यावर दिसतात. आपल्याकडे दंडाचे कलम गाजले आणि किंमतीचे कलम रुजलेच नाही. दूधसंघ, उत्पादक, दुकानदार यांनी एकमेकांकडे बोट दाखविले, आणि पन्नास पैसे कोणाच्याच हातात पडले नाहीत. पन्नास पैशांचे नाणे तोवर व्यवहारातून जवळजवळ हद्दपार झाले होते, ही गोष्ट अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

या सुमारास वर्सोव्याच्या किनाऱ्याचे नाव जगभर झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने तेथे कचरा वेचण्यास प्रारंभ केला, हळूहळू शेकडो माणसे त्यास मिळाली, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने त्याचा सन्मान केला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिले वाळूतून निघून समुद्राकडे जाताना दिसली. हे काम थोर आहे, आणि त्यात हात घालणाऱ्यास आम्ही वंदन करतो. परंतु दर भरतीस समुद्र नवा कचरा आणून टाकीतच होता. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर लाटा काय फेकतात ते मुंबईकर दरसाल पाहतात. म्हणून पुढे शाह यांसही किनारा धरून मिठी नदीकडे वळावे लागले. हॉलंडच्या बोयान स्लाटची कथाही अशीच आहे. २०१३ मध्ये त्याने महासागर झाडून काढण्याची संस्था काढली. २०१८ मध्ये पॅसिफिकमध्ये सोडलेला त्याचा पहिला तरंगता बांध काही महिन्यांतच मोडला. २०१९ पासून त्याने नद्यांच्या मुखांशी कचरा पकडणाऱ्या नौका लावल्या. दोघेही समुद्रापासून निघाले आणि नदीपाशी येऊन पोहोचले.

याचे कारण आकड्यांत आहे. २०१० या एका सालात जमिनीवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट २०१४ च्या एका गणनेनुसार सर्व महासागरांच्या पृष्ठावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकचे वजन अवघे २ लाख ६९ हजार टन भरते. तुकडे मात्र सव्वापाच लाख कोटी. मग उरलेले गेले कोठे? काही तळाशी, मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर १९९८ मध्ये एक पिशवी कॅमेऱ्याने टिपलेली आहे. काही किनाऱ्यावर परत. आणि काही इतके बारीक होऊन की ते गाळून काढण्याची चाळणी निघालेली नाही. अशा कणांस २००४ मध्ये रिचर्ड थॉम्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने मायक्रोप्लॅस्टिक हे नाव दिले. सारांश, महासागरात विखुरलेले प्लॅस्टिक मागे घेणे हे वाऱ्यावर उडालेले पीठ गोळा करण्यासारखे आहे. पीठ पिशवीत असताना धरावयाचे.

जाळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. कोळ्यांची सुताची व तागाची जाळी जाऊन नायलॉनची आली, तेव्हापासून तुटलेले जाळे कुजत नाही. ते धनी नसतानाही मासे व कासवे धरीतच राहते. येथे नदीचा काही अपराध नाही. पण उपायाचे सूत्र येथेही तेच लागू पडलेले दिसते. महाराष्ट्राच्या वनखात्याने डिसेंबर २०१८ पासून अशी योजना केली की, जाळ्यात सापडलेले कासव वा देवमासा सोडविण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. केरळात कोल्लमजवळ शक्तिकुलंगरा बंदरात २०१७ पासून मच्छिमार जाळ्यात आलेले प्लॅस्टिक परत पाण्यात न टाकता किनाऱ्यावर आणतात. त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात मिसळतात. ही डांबराची युक्ती मदुरेच्या त्यागराजर महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेवन यांची, आणि ती आमच्याच पेशातील माणसाची आहे म्हणून आम्हांस तिचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

जगाच्या दरबारात काय चालले आहे ते थोडक्यात सांगतो, कारण सांगण्याजोगे फारसे नाही. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास ३१ डिसेंबर १९८८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. जमिनीवरील प्लॅस्टिकसाठी करार करावा असा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबीत झाला. त्यानंतर पुंता देल एस्ते, पॅरिस, नैरोबी, ओटावा, बुसान अशा बैठका झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात सर्व राष्ट्रे करारावाचून उठली. प्लॅस्टिक किती निर्माण करावे यासच मर्यादा असावी, असा एक पक्ष. निर्माण कितीही करा, कचऱ्याची व्यवस्था नीट ठेवा, असा दुसरा. तेल विकणारी राष्ट्रे दुसऱ्या पक्षात आहेत हे सांगावयास नकोच; आपल्या सरकारनेही उत्पादनावर मर्यादा घालण्यास संमती दिलेली नाही.

आता पुन्हा मन्याडकाठी येऊ. २०२१ च्या एका गणितानुसार नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ८० टक्के हे हजाराहून अधिक नद्यांतून जाते, आणि त्यांत किनाऱ्यालगतच्या, दाट वस्तीतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा फार मोठा आहे. त्या यादीत आपल्या ठाण्याकडील उल्हास नदी अगदी वरच्या क्रमांकांत येते. दूरवरच्या पठारावरून निघालेला कचरा समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचतो, असे हे गणित म्हणते. आणि ते खरे असावे. मन्याडवर लिंबोटीचे धरण आहे, त्याखाली बारूळचे. गोदावरीवर पोचमपाडचे, आणि अगदी शेवटी धवलेश्वरमला ऑर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केलेला बंधारा आहे. वर्षाचे आठ महिने आमच्या ओढ्यांत पाणीच नसते. पुडी तेथे उन्हात वाळत पडते, ठिसूळ होते, आणि मृगाच्या पहिल्या पुराबरोबर तिचा चुरा खाली जातो. तेव्हा अहमदपूरकर समुद्राचे फार मोठे अपराधी नाहीत, हे कबूल केले पाहिजे. परंतु जे समुद्रास गेले नाही ते नाहीसे झाले, असा त्याचा अर्थ नव्हे.

उत्पादकाने आपल्या वेष्टनांची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व आपल्या नियमांत २०११ पासून आहे, आणि फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी बहुथरी पुड्यांचा त्यात स्वतंत्र वर्ग केला. कारखानदाराने जेवढे वेष्टन बाजारात आणले तेवढ्याच्या विल्हेवाटीची प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची, अशी ती पद्धत. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत यांतील लक्षावधी प्रमाणपत्रे बनावट निघाली. प्रमाणपत्राचा पैसा कागदातून कागदाकडे फिरतो. तो येथील भंगाराच्या दुकानापर्यंत यावा, एवढीच आमची मागणी आहे. नगरपरिषदेच्या दारी किलोभर पुड्या आणून टाकणाऱ्यास रोख दर मिळाला, आणि तो दर कारखानदाराकडून वसूल झाला, तर पुड्या वेचावयास माणसे मिळतील की नाही, हे भंगारवाल्यास विचारावे. तो अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा अचूक उत्तर देईल. यामुळे रुपयाची पुडी सव्वा रुपयास झाली तर गरिबावर बोजा पडेल, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यास आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, ते पंचवीस पैसे आजही कोणीतरी भरतोच आहे.

तो कोण, हे उन्हाळ्यात तलावावर दिसते. २०१७ पासून आपल्या राज्यात धरणातील व तलावातील गाळ उपसून शेतात नेण्याची सरकारी योजना चालू आहे. गाळ सुपीक असतो, ट्रॅक्टरच्या फेऱ्या चालतात, मुरमाड रानावर काळ्या मातीचा थर पसरतो. त्या थरातून वर आलेल्या चिंध्या शेतकरी वेचून बांधावर टाकतो. हाताला लागतील तेवढ्या.